सैल खांद्याने वजन डोक्यावर नेताना

खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्या मानाने बराच मोठा असतो, म्हणूनच हा सांधा चहूबाजूंनी फिरतो आणि म्हणूनच तो निसटतोही. ज्यांचा खांदा एकदा निखळला आहे, किंवा हात वर नेताना 'आता सुटतो' अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.

हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश पाठीवरचा फरा फिरल्यामुळे मिळतात. 'खांदे मागे-खाली दाबून ठेवा' हा जिममध्ये सर्रास मिळणारा सल्ला बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे पडून वजन वर ढकलण्याला, ठीक आहे. पण वजन डोक्यावर नेताना फरा असा जखडला, तर गोळ्याला खालून आधार मिळत नाही. म्हणून वजन वर पोहोचताच खांदे कानांकडे हलकेच उचलावेत, आणि कोपरे अगदी बाजूला न ठेवता सुमारे ३० अंश पुढे ठेवावीत. मानेमागून वजन वर ढकलूच नये, कारण बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निखळतात आणि त्या स्थितीत गोळा नेमका पुढेच रेटला जातो.

व्यायामगुरू जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या वडोद्यात राहणाऱ्यांनी मुद्गलाचा, म्हणजे व्यायामाच्या लाकडी गदेचा, उपयोग अवश्य करावा. दोन किलोंचा मुद्गल मुठीत उभा, जड डोके वर, कोपर फासळ्यांपुढे, असा वीस सेकंद धरावा. तोल सांभाळताना मूठ आवळली जाते आणि गोळ्याभोवतीचे लहान स्नायू आपोआप कामाला लागतात. मी हे प्रथम केले तेव्हा उजव्या हातातला मुद्गल निश्चल होता, पण डाव्या हातातल्याचे डोके हवेत लिंबाएवढे वर्तुळ काढीत होते, आणि वर्षभर बारबेलने (दोन्ही हातांनी धरायच्या वजनाच्या दांड्याने) लपवलेला माझा डाव्या खांद्याचा दोष तिथे उघड झाला. ते वर्तुळ थांबल्यावरच मुद्गल सावकाश वर न्यावा. मुद्गल पाठीमागून फिरवण्याचे प्रकार मात्र एकदा निखळलेल्या खांद्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

जोडीला कोपर व फासळ्यांमध्ये टॉवेलची घडी धरून रबरी बँड बाहेर ओढावा. आठवड्यातून तीनदा, पंधराचे तीन सेट पुरतात.

बारकडे वळण्याची घाई नको, कारण रिकामा बारच वीस किलोंचा असतो. माथ्यावर तीन सेकंद वजन न थरथरता राहिले, तरच पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवावेत. बार मागे झुकू लागला तर त्याला वाचवण्यासाठी हात ताणू नयेत. तो सोडून एक पाऊल पुढे जावे, आणि त्यासाठी मागे कोणी उभे नाही हे सेट सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.