गणपतीला गाडी घेऊन गावी जाताय? आठ दिवस आधी हे बघून घ्या

गणपतीला गावी जायचं ठरलं की मखराचं सामान, नैवेद्याची भांडी, मुलांचे कपडे यांच्या याद्या पंधरा दिवस आधी तयार होतात. गाडीची आठवण होते ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेव्हा गॅरेजवाल्याकडे रांग लागलेली असते. म्हणून पहिली गोष्ट ही की गाडीची तयारी किमान आठ दिवस आधी सुरू करा. एखादा पार्ट मागवावा लागला तर तो यायला वेळ मिळतो, आणि काम करून आणलेली गाडी दोन-चार दिवस शहरातच फिरवून बघता येते. ब्रेकचं काम झालेली गाडी गॅरेजमधून काढून थेट घाटात घालू नये. वर्षभर घर ते ऑफिस धावणाऱ्या गाडीला त्या एका दिवसात पाच माणसं, गच्च भरलेली डिकी, खड्डे, कोसळता पाऊस आणि ताम्हिणी किंवा कुंभार्लीसारखा घाट हे सगळं एकदम पेलायचं असतं.

'डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलेला नाही, म्हणजे गाडी ठीक आहे' असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. ही समजूत मोडायला हवी. टायर गुळगुळीत झाला, वायपरचं रबर फाटलं, ऑइल अर्ध्यावर आलं, यातल्या कशासाठीही बहुतेक गाड्यांत दिवा लागत नाही. दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा दुखणं पुढे गेलेलं असतं. म्हणून आधी डोळ्यांनी आणि हातांनी बघायच्या गोष्टी, मग दिवे.

सुरुवात टायरपासून करा. पावसात सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. टायरच्या नक्षीत बोट घालून बघितलंत तर खाचांच्या तळाशी मधूनमधून आडवे उंचवटे लागतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, आणि कायद्याने तीच शेवटची मर्यादा आहे. कोरड्या रस्त्यावर असा टायर एखादा महिना निभावेलही, पण साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी बाहेर फेकायला खाचच उरलेली नसते. टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही हातचे जातात. कोकणात जायचं असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली आलेले टायर बदलूनच निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे टायरच्या कडेवर 'डॉट' अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला आहे. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक होतं आणि कडेला बारीक भेगा पडतात. हात फिरवून कुठे फुगवटा लागतोय का तेही बघा. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकायचा.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी पळवून आल्यावर मोजलं तर आकडा तीन-चार पीएसआयने जास्तच येतो. किती हवा भरायची ते पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. आपल्याला दुसरा हवा. स्टेपनीत हवा भरायला नव्वद टक्के लोक विसरतात, असं कुठलाही पंक्चरवाला सांगेल. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा वाचून ठेवा. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्यांत स्टेपनीच येत नाही, त्याऐवजी पंक्चरचं किट मिळतं. त्यातल्या द्रवाची मुदत संपलेली नाही ना, ते बघा. जॅक आणि पाना डिकीतल्या सामानाच्या तळाशी गाडले जाणार नाहीत अशी जागा आत्ताच ठरवून टाका.

आता बॉनेट उघडा. इंजिन ऑइल बघायला गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असलं पाहिजे. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लगेचच काळं होतं. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) मिसळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी घेऊन लांब जायचं नाही. कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते, पातळी बाहेरूनच कळते. गरम इंजिनावर तिचं किंवा रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली असलेलं उकळतं कूलंट तोंडावर उडतं आणि भाजतं.

ब्रेक ऑइलची छोटी टाकीही तिथेच दिसेल. पातळी खाली गेली असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. दोन्हीपैकी काय ते मेकॅनिककडून समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ओलावा धरलेलं ऑइल लवकर उकळतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून चाकं तापली की त्या ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागायला लागतं. सपाटीवर धावणाऱ्या गाडीचा हा दोष वर्षभर लपून राहतो आणि नेमका घाटात बाहेर येतो. त्यामुळे शेवटचं कधी बदललंत ते सर्व्हिसच्या बिलात शोधा. सापडलं नाही तर बदलून घ्या, खर्च फार नसतो.

बॉनेट उघडंच आहे तर कोपऱ्यांत टॉर्च मारा. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनाच्या आसऱ्याला येतात. बॅटरीच्या ट्रेमध्ये काळ्या लेंड्या, स्पंजाचे कुरतडलेले तुकडे किंवा सालपटं निघालेली वायर दिसली तर वायरिंग नीट तपासून घ्या. एक कुरतडलेली वायर पुढे कुठलाही दिवा लावू शकते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर ती साफ करून घ्या. बॅटरी चार वर्षांची झाली असेल आणि सकाळी स्टार्टर कुंथत असेल, तर गावाला जाऊन धक्का मारण्यापेक्षा इथेच बदला.

वायपर हा स्वस्तातला पार्ट. उन्हाळ्यात रबर कडक होतं आणि पहिल्याच पावसात काचेवर रेघा उमटतात. पाणी मारून चालवून बघा, रेघा आल्या तर नवीन ब्लेड टाका. सगळे दिवे लावून एकाला मागे उभं करा, ब्रेकचे तीनही दिवे लागताहेत का ते आत बसून कळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी करत नाही. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांची एक चकती असते. डिकी भरली की गाडी मागून बसते, हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. चकती वरच्या आकड्यावर नेली की झोत खाली येतो. दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला दिसणं किंवा न दिसणं यावर अवलंबून असतं.

आता डॅशबोर्ड. किल्ली 'ऑन'वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. बरेचसे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतील. ही गाडीने स्वतःची घेतलेली चाचणी आहे. काही दिवे दोन-चार सेकंदांत विझतात, काही इंजिन सुरू झाल्यावर. जो विझत नाही तो तर बघायचाच, पण जो मुळात लागलाच नाही तोही बघायचा. सेकंडहँड गाडी असेल तर एअरबॅगचा दिवा नीट बघा. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल असं ते चित्र. अपघातात उघडलेल्या एअरबॅगा परत न बसवता नुसता दिवा बंद करून गाड्या विकल्या जातात.

रंगांची भाषा सोपी आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. लाल दिव्यांतले तीन पाठ असू द्या. पहिला झारीचा, चोचीतून थेंब पडतोय असं चित्र. हा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा दिवा आहे. तो लागला म्हणजे इंजिनाच्या फिरत्या भागांना तेल पोचत नाहीये. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' हा विचार इथे करायचा नाही. गाडी कडेला घ्या आणि इंजिन त्याच क्षणी बंद करा, नाहीतर इंजिन जॅम होतं. दुसरा लाटांवर उभ्या थर्मामीटरचा. एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या. हेच चित्र सकाळी निळं दिसलं तर काळजी नको, इंजिन थंड आहे एवढाच त्याचा अर्थ. तिसरा वर्तुळातलं उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक राहिलाय का बघा. हँडब्रेक सोडूनही दिवा राहिला तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालंय, गाडी पुढे न्यायची नाही.

बॅटरीचा लाल दिवा फसवा आहे. चालू गाडीत तो लागला म्हणजे बॅटरी चार्ज होत नाहीये, बहुधा अल्टरनेटर किंवा बेल्ट गेलाय. पुष्कळ गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे सोबत तापमानाचा काटा चढायला लागला तर लगेच थांबा. काटा जागेवर असेल तर एसी, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठा. रात्री, पावसात, हेडलाइट आणि वायपर चालू असताना बॅटरी फार वेळ पुरत नाही.

पिवळ्यांमध्ये इंजिनाच्या ठोकळ्याचं चित्र सगळ्यात जास्त घाबरवतं. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर स्कॅनरला लावून कोड बघून घ्या, तेवढ्याने प्रवास रद्द करायची गरज नाही. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. वेग कमी करून थांबा. 'एबीएस'चा एकटा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर थांबायचं. घोड्याच्या नालेसारख्या आकारातलं उद्गारचिन्ह टायरच्या हवेचं. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा असतो. गर्दीत रोज रांगत चालणाऱ्या गाडीचा तो फिल्टर काजळीने भरतो. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवली की तो बहुधा स्वच्छ होतो. हे निघण्याआधीच उरकून घ्या, गणपतीच्या गर्दीत महामार्गावर तसा मोकळा रस्ता मिळेलच असं नाही.

माणसं कशी बसणार तेही आधी ठरवा. मागच्या सीटचे बेल्ट बहुतेक घरांत गादीच्या खाली गेलेले असतात, ते उपसून काढा. झटका देऊन बघा, बेल्ट अडकला पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. बेल्टचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा गाडीत असतील तर फेकून द्या. मुंबईहून किंवा पेणहून मूर्ती नेत असाल तर पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. एअरबॅग निमिषार्धात उघडते, तिच्या आणि माणसाच्या मध्ये मूर्ती किंवा लहान मूल असणं फार धोक्याचं आहे. मूर्ती खोक्यात उशा-चादरींनी घट्ट बसवून मागच्या सीटवर बेल्टने बांधा. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका, ती घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाते.

कागदपत्रांत इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख बघा, डिजिलॉकरमधले आरसी-लायसन्स चालतात. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास मिळतात, त्याची चौकशी आरटीओत किंवा पोलीस ठाण्यात करा. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झालेली हवी आणि टाकीत पेट्रोलही हवं, घाटापलीकडे पंपावर तासन्‌तास रांगा लागतात. फोनमध्ये ११२, १०८ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हे नंबर सेव्ह करा.

वाटेत दोनच गोष्टी. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल करून कधीच नाही. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर त्या एका स्टार्टरने इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गावी पोचल्यावर गाडी चार-पाच दिवस अंगणात पावसात उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलाव्याने मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये लावा आणि चाकांना दगड द्या. परतीच्या दिवशी सकाळी निघण्याआधी ऑइल, कूलंट आणि थंड टायरची हवा पुन्हा बघा. खाली वाकून टायरच्या आतल्या कडेवरही टॉर्च मारा, येतानाच्या खड्ड्यांनी दिलेले काप बहुतेक तिथेच सापडतात.