मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवताना या चुका टाळा

मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांना मी गेली काही वर्षे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग (म्हणजे यंत्राने उदाहरणांवरून शिकणे) यांची ओळख करून देत आहे. इतर शाळांतील शिक्षक आणि काही पालक याच कामातील अडचणी घेऊन भेटतात, तेव्हा त्यांची मुळे बहुधा मी स्वतः केलेल्या चुकांमध्येच सापडतात. म्हणून त्या चुका आणि त्यांवरचे उपाय येथे नोंदवत आहे.

चॅटबॉटपासून सुरुवात करणे

माझा पहिला तास मी वर्गातील टीव्हीवर चॅटबॉट, म्हणजे लिहून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारा प्रोग्राम, उघडून घेतला. मुलांनी हौसेने आपल्या गावच्या जत्रेविषयी विचारले आणि पडद्यावर सफाईदार मराठीत उत्तर उमटले. त्यातील तिथी चुकली होती, पालखीचा मार्ग काल्पनिक होता आणि गावाजवळची म्हणून सांगितलेली नदी दुसऱ्याच जिल्ह्यातली होती. तरीही दरवर्षी त्याच पालखीपुढे लेझीम खेळणाऱ्या काही मुलांनी ते उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा पडद्यावरचे वाक्य त्यांना खरे वाटले, याचे मला फार वाईट वाटले.

तयार उत्तर देणाऱ्या यंत्रापासून सुरुवात केली की मुलाला उत्तर तेवढे दिसते, त्यामागचे शिकणे दिसत नाही. यंत्र शिकते म्हणजे नेमके काय होते, हे मुलाने आधी स्वतःच्या हातांनी घडवून पाहिले पाहिजे आणि त्यासाठी वीज किंवा इंटरनेट लागत नाही. डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ साली काड्यापेट्यांच्या ३०४ खोक्यांपासून फुली-गोळा खेळायला शिकणारे यंत्र तयार केले होते. गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये तीच कल्पना ‘हेक्सापॉन’ नावाच्या छोट्या खेळावर बसवली आणि त्यासाठी केवळ २४ खोकी पुरतात असे दाखवून दिले. हा खेळ शाळेच्या ओट्यावर बसूनही खेळता येतो.

नऊ घरांचा चौकोनी पट आखावा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सोंगट्या ठेवाव्यात. समोरचे घर रिकामे असेल तर सोंगटी एक घर पुढे सरकते किंवा पुढच्या तिरक्या घरातील विरुद्ध बाजूची सोंगटी मारते. जो पलीकडच्या ओळीत पोहोचतो, समोरच्याच्या सर्व सोंगट्या मारतो किंवा त्याला चालच उरू देत नाही, तो जिंकतो. यंत्र नेहमी दुसरी चाल करते. यंत्रासमोर येऊ शकणारी पटाची एकेक स्थिती एकेका खोक्यावर काढून त्या स्थितीतील शक्य चाली वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी दाखवायच्या असतात आणि प्रत्येक चालीसाठी खोक्यात एक मणी टाकायचा असतो. आमच्याकडे मण्यांऐवजी मूग, हरभरा, तूर आणि ज्वारी यांचे दाणे असतात, कारण एका खोक्यात चारपेक्षा जास्त चाली येत नाहीत. खोके हलवून न पाहता एक दाणा काढायचा आणि तो सांगेल ती चाल खेळायची. यंत्र हरले तर त्याच्या शेवटच्या चालीचा दाणा कायमचा बाहेर काढायचा. जिंकले तर सर्व दाणे आपापल्या खोक्यात परत टाकायचे. एखादे खोके रिकामेच निघाले तर यंत्राने हार मानायची आणि त्याच्या आधीच्या चालीचा दाणा काढून घ्यायचा.

पहिले काही डाव यंत्र सपाटून हरते आणि मुले टाळ्या पिटतात. पुढे ते हळूहळू हरेनासे होते, कारण या खेळात दुसऱ्याने चुका टाळल्या तर त्याचा विजय ठरलेलाच असतो. खोक्यांमध्ये मेंदू नाही हे मुलांनी स्वतः पाहिलेले असते आणि तरीही आपण हरतो आहोत हेही ते पाहत असतात. अशा वेळी ‘शिकणे’ म्हणजे चुकीच्या वाटा कमी होत जाणे, हे वाक्य फळ्यावर लिहून द्यावे लागत नाही. मुलेच ते आपल्या शब्दांत सांगतात.

‘यंत्र सुधारतच नाही’ ही तक्रार येथे सर्वांत जास्त येते. डाव संपेपर्यंत काढलेला दाणा त्याच खोक्यासमोर उघडा ठेवला नाही, तर शेवटी दाणा भलत्याच खोक्यातून बाद होतो. २४ खोकी पुरतात ती डावी-उजवी बाजू उलटलेल्या स्थिती एकच धरल्यामुळे. हे आधी समजावले नाही तर मुले योग्य खोके शोधत बसतात आणि जवळपास तसेच दिसणारे कोणतेही उचलतात. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. एकाच मुलाने दरवेळी तीच पहिली चाल खेळून यंत्राला तयार केले, तर ते त्या मुलासमोर पक्के होते आणि दुसरे मूल वेगळी सुरुवात करून त्याला सहज हरवते. असे घडले की तास थांबवून कारण मुलांनाच विचारावे. यंत्राने जे पाहिले नाही ते त्याला येत नाही, हे त्यांना येथे प्रथम उमगते आणि पुढचे सारे शिकवणे याच्यावर उभे राहते.

एकसारखे नमुने गोळा करणे

काड्यापेट्यांनंतर संगणकावर जाण्यासाठी गूगलचे ‘टीचेबल मशीन’ हे मोफत साधन सोयीचे आहे. ते २०१७ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याची अधिक सोपी आवृत्ती निघाली. मुलांनी फोटो द्यायचे, प्रत्येक गटाला नाव द्यायचे आणि यंत्राला शिकवायचे, एवढेच त्यात करावे लागते. बहुतेक ठिकाणी सफरचंद आणि केळे घेऊन हा प्रयोग होतो. तो पहिल्याच फटक्यात यशस्वी होतो, आणि म्हणूनच त्यातून मुलांना फारसे काही मिळत नाही.

आमच्या मुलांनी देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश निवडले. दोन्ही मराठवाड्याचेच आहेत; एकाला लातूर जिल्ह्यातील देवणीचे नाव आहे, दुसऱ्याला नांदेड जिल्ह्यातील कंधारचे. माळेगावच्या यात्रेत ही जनावरे पाहिलेली असल्यामुळे मुलांना त्यांची पारख माझ्यापेक्षा चांगली आहे. वर्गात यंत्राने सर्व फोटो बरोबर ओळखले आणि दुसऱ्या दिवशी नव्या फोटोंवर ते सपशेल कोसळले. शोध घेतल्यावर कळले की देवणीचे सर्व फोटो बांधावरच्या हिरव्या गवतात काढलेले होते आणि लाल कंधारीचे गोठ्यात. सातवीतील एक मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, “सर, मशीन गाईला बघतच नाही, मागचं गवत बघायलीय.” या विषयावरचे इतके नेमके वाक्य मी अद्याप दुसरीकडे ऐकलेले नाही.

दुसऱ्या एका गटाने लाल कंधारीचे फोटो पोळ्याच्या दिवशी घेतले होते. शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, असा सगळा थाट होता, त्यामुळे पुढे झूल पांघरलेली देवणीही यंत्राला लाल कंधारीच वाटू लागली. देवणीतही वानेरा, शेवेरा आणि बालंक्या असे प्रकार असतात. काळ्या ठिपक्यांच्या शेवेराचेच फोटो दिले तर बहुतांशी पांढरी बालंक्या समोर आल्यावर यंत्र गोंधळते.

यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण सरळ आहे. दोन्ही गटांत फोटोंची संख्या सारखी ठेवावी. एकात ८० आणि दुसऱ्यात १५ असतील तर यंत्राचा कल मोठ्या गटाकडे झुकतो. दोन्ही गटांचे फोटो सकाळचे, दुपारचे, गोठ्यातले, रानातले, समोरून आणि बाजूने असे मिसळलेले असावेत. प्रत्येक गटातील साधारण दहा फोटो शिकवताना मुळीच न वापरता परीक्षेसाठी बाजूला ठेवावेत. उदाहरणसंग्रहातील पाठ करून घेतलेली गणितेच परीक्षेत घातली तर मुलाला गणित येते की नाही हे कळत नाही, तीच गोष्ट यंत्राची आहे.

आणखी एक अडचण हमखास येते. कोणी गंमत म्हणून कॅमेऱ्यासमोर जेवणाचा डबा धरतो आणि यंत्र मोठ्या खात्रीने त्याला लाल कंधारी ठरवते. त्या यंत्राला दोनच नावे माहीत आहेत आणि शंभर टक्के त्या दोन नावांतच वाटून टाकणे त्याला भाग आहे, म्हणून असे होते. ‘यांपैकी काही नाही’ असा तिसरा गट करून त्यात रिकामा गोठा, शेळ्या, म्हशी आणि बैलगाडी यांचे फोटो घालावेत. त्याने चुका कमी होतात, पूर्णपणे थांबत नाहीत. पडद्यावरची टक्केवारी म्हणजे खरेपणाचे प्रमाण नव्हे, हे मुलांना पटवण्यासाठी तो डबा मला फार उपयोगी पडला.

मुलाच्या बोलीला चूक ठरवणे

ही चूक मी एकदाच केली आणि तिची खंत अजून आहे. मोबाईलवर बोललेले लिहून घेण्याचा प्रयोग चालू होता. एका मुलाने “माय कापूस येचायली” असे सांगितले आणि पडद्यावर भलतेच शब्द आले. मी सहजपणे “जरा शुद्ध बोल” असे म्हणून गेलो आणि ते मूल उरलेला तासभर गप्प राहिले.

चूक यंत्राची होती आणि मी तिचे माप मुलाच्या पदरात घातले होते. त्याच्या घरात, शेतात आणि बाजारात चालणारी बोली यंत्राच्या नमुन्यांत पुरेशी आलेलीच नसावी. हिरव्या गवतातल्या देवणीसारखाच हा प्रकार आहे. जगातही हेच घडते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नव्हते आणि सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. हे आकडे मी सातवी-आठवीच्या मुलांना सांगतो आणि ती ते गंभीरपणे ऐकतात.

आता आमच्या वर्गात यंत्राला न कळलेल्या शब्दांची एक वही आहे. ‘येचायली’, ‘बघायलीय’, ‘गेल्ता’ असे शब्द त्यात मुले स्वतः लिहितात आणि यंत्राने त्यांचे काय केले तेही शेजारी लिहितात. ज्या पालकांना याहून पुढे जायचे असेल, त्यांना केंद्र सरकारच्या भारतीय भाषांसाठीच्या ‘भाषिणी’ प्रकल्पातील ‘भाषादान’ या उपक्रमात आपल्या आवाजातील मराठी वाक्ये देता येतात.

‘त्याला समजते’ असे म्हणणे

यंत्राला ‘समजले’, ‘वाटले’, ‘आवडले’ असे शब्द शिक्षकाच्या तोंडून जातात आणि मुले ते शब्दशः घेतात. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये मांडलेला ‘एलायझा’ हा प्रोग्राम समोरच्याची वाक्ये उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे फारसे काही करत नव्हता, तरीही मोठी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली होती. मग मुलांना काय दोष द्यायचा?

चॅटबॉटविषयी सांगताना मी म्हणींचा आधार घेतो. “आंधळं दळतं, कुत्रं पीठ…” असे म्हणून थांबले की सारा वर्ग “खातं” असे ओरडतो. नंतर “आज सकाळी आम्ही शेतात…” असे म्हणून थांबावे. येथे गेलो, खुरपलं, हुरडा खाल्ला अशी अनेक उत्तरे येतात. ती फळ्यावर लिहून कोणते किती वेळा आले ते मोजावे. चॅटबॉट अफाट मजकुरावरून शिकून असाच पुढचा शब्द निवडत जातो. जो शब्द तेथे शोभतो तो खराच असतो असे नाही, आणि जत्रेची ती खोटी तिथी कोठून आली याचे उत्तर मुलांना येथे मिळते. चॅटबॉट वर्गात आणायचा असेल तर या तासानंतरच आणावा. त्यातही युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील अशा वापरासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे, ते पाळावे.

मुलांचे चेहरे वापरणे

‘आनंदी चेहरा, दुःखी चेहरा’ हा प्रयोग लोकप्रिय आहे, पण तो टाळावा. टीचेबल मशीनमध्ये शिकवण्याचे काम त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये होते हे खरे. मात्र प्रकल्प ऑनलाइन जतन केला किंवा शिकवून तयार झालेले यंत्र (मॉडेल) अपलोड केले की गोष्ट वेगळी होते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिचा डेटा वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. पाने, बिया, जनावरे, हाताने लिहिलेले अंक असे भरपूर काही उपलब्ध असताना चेहऱ्यांची गरजच पडत नाही.

वीज गेली, रेंज नाही, काम गेले

टीचेबल मशीनचे पान उघडण्यासाठी इंटरनेट लागते आणि न जतन करता ब्राउझर बंद झाला तर सर्व फोटो जातात. म्हणून दर दहा मिनिटांनी प्रकल्पाची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. वर्गात उत्तम चालणारे यंत्र अंगणात चुकू लागले तर आधी उजेड तपासावा. ट्यूबलाइटखाली शिकलेल्या यंत्राला दुपारचे ऊन अनोळखी असते.

विज्ञान प्रदर्शनासाठी मात्र न चुकणारा प्रयोग तयार करण्याचा मोह होतो आणि परीक्षकांसमोर फसू नये म्हणून शिक्षकच तो मुलांना सुचवतात. आमच्या मुलांनी गेल्या वेळी टेबलावर दोन पाकिटे ठेवली होती. एकात यंत्राने बरोबर ओळखलेले फोटो होते, दुसऱ्यात चुकलेले, आणि चुकलेल्या प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने कारण लिहिलेले होते. येणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांनी आधी दुसरे पाकीट उघडले आणि मुलांना सांगण्यासारखे सर्वांत जास्त त्याच पाकिटात होते.