तुमच्यासाठी कोण शब्द टाकेल? पुण्यात व्यवसायातली नाती कशी जोडावीत

नेटवर्किंगच्या कोणत्याही मीटिंगला जा, पोह्यांच्या टेबलाजवळ भराभर कार्डं वाटणारे दोन-तीन जण हमखास दिसतात. समोरच्याचं नाव पुरतं ऐकायच्या आत त्यांचा हात पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. ती कार्डं दुसऱ्या दिवशी रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये जातात आणि तिथेच राहतात.

काम मिळतं ते दुसऱ्याच वाटेने. चाकणच्या एखाद्या कंपनीतला परचेसवाला ओळखीच्या टूलरूमवाल्याला (साचे-हत्यारं बनवणाऱ्याला) फोन करतो, "फिक्स्चर (मशिनवर पार्ट घट्ट धरणारी चौकट) करणारा कोणी खात्रीचा माणूस आहे का हो?" टूलरूमवाला थोडा विचार करतो आणि एक नाव सांगतो. ते सांगताना त्याने स्वतःची पत पणाला लावलेली असते. काम बिघडलं तर पुढच्या वेळी त्याला कोणी विचारणार नाही. आपल्या पाठीमागे आपलं नाव कोणी असं भरवशाने घ्यावं, यासाठी काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय. यात बोलघेवडेपणापेक्षा नियमितपणा लागतो, त्यामुळे बुजऱ्या माणसालाही हे जमतं.

पायरी १: आधी फोनमधली नावं चाळा

नवीन माणसं शोधायला बाहेर पडण्याआधी एक तास काढा आणि फोनमधली सगळी नावं वरपासून खालपर्यंत बघा. जुन्या नोकरीतले सहकारी, कॉलेजचे मित्र, पूर्वीचे सप्लायर, आधीच्या सोसायटीतले शेजारी. ज्यांच्याशी दोन-तीन वर्षांत बोलणं नाही, पण भांडणही नाही, अशी वीस-पंचवीस नावं कागदावर उतरवा.

या विस्मृतीत गेलेल्या ओळखींना कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची माहिती मांडली होती. ज्याच्यामुळे नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, असा त्याचा प्रश्न होता. 'नेहमी' म्हणणारे १७ टक्क्यांच्याही आत निघाले. 'अधूनमधून' म्हणणारे ५५ टक्क्यांच्या वर, आणि 'क्वचितच' म्हणणारे जवळपास २८ टक्के. कारण सरळ आहे: रोज भेटणाऱ्या माणसाला जे कळतं ते तुम्हालाही कळलेलंच असतं. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो आणि तिकडची खबर आणतो. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण ऑर्डरींनाही हेच कारण लागू पडतं.

फोन करा, मात्र पहिल्या फोनवर काहीही मागू नका. "जुने नंबर बघत होतो, तुमचं नाव दिसलं. सध्या कुठे असता?" एवढ्यावर बोलणं सुरू होतं. तीन वर्षांनी फोन आणि दुसऱ्या मिनिटाला विम्याची पॉलिसी, हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तुमच्या धंद्याच्या शेजारचे धंदे लिहा. मॉड्युलर किचन बनवणाऱ्याला गिऱ्हाईक कोण पाठवेल? इंटिरिअर डिझायनर तर आहेच, पण टाइल्सचा दुकानदार, प्लंबर, गृहकर्ज देणारा बँकेतला माणूस आणि फ्लॅटचा ताबा देणारा बिल्डरचा साइट इंजिनिअरही. त्यांचं आणि तुमचं गिऱ्हाईक एकच, स्पर्धा मात्र नाही. सगळ्यात टिकाऊ नाती इथे जुळतात.

पायरी २: कुठे जायचं ते ठरवा, सगळीकडे जाऊ नका

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना १९३४ पासून आहे. तिथल्या निर्यात, करप्रणाली, लघुउद्योग अशा विषयांवरच्या कार्यक्रमांत नेटवर्किंगचा गाजावाजा नसतो, पण शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तुमच्याच अडचणीवर उत्तर शोधायला आलेला असतो आणि बोलायला विषय आयता मिळतो. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ मध्ये पुण्यातच सुरू झाली. मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब आहे. बीएनआय म्हणजे एकमेकांना कामं सुचवणाऱ्या व्यावसायिकांचं जाळं; त्याच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात आणि भेट दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी भल्या सकाळी असते. रोटरीत सेवाकार्य आधी, धंदा झाला तर ओघाने. तिथे पहिल्याच महिन्यात कोटेशन पुढे केलंत तर लोक हसून विषय बदलतील.

माझं मत विचाराल तर एक औपचारिक गट आणि एक तुमच्या धंद्याची संघटना, एवढं पुरे. साप्ताहिक गटाची वर्गणी भरण्याआधी पाहुणा म्हणून जाऊन या आणि बघा, तिथले लोक एकमेकांच्या कामाबद्दल नेमकं बोलतात की नुसत्या टाळ्या वाजवतात. हडपसरला राहून दर आठवड्याला सकाळी सातला बाणेर गाठणं वर्षभर जमणार आहे का, हेही स्वतःला खरं खरं विचारा. अर्ध्यात सोडलेला गट वाईट छाप पाडतो.

प्रदर्शनांचं तंत्र वेगळं. मोशीच्या किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरच्या प्रदर्शनात ज्याने पैसे मोजून स्टॉल घेतला आहे, त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं असताना आपला माल विकायला जाऊ नका. सकाळी दारं उघडल्यावरचा पहिला अर्धा तास किंवा शेवटच्या दिवसाची दुपार, या वेळी स्टॉलवाला मोकळा असतो आणि मनमोकळं बोलतो.

पायरी ३: ओळख अशी करून द्या की दुसऱ्याला ती पुढे सांगता येईल

"मी फायनान्शियल सर्व्हिसेसमध्ये आहे" हे ऐकून कोणाला काय आठवणार? "आम्ही संपूर्ण सोल्यूशन देतो" हे तर त्याहून निरर्थक. त्याऐवजी: "भोसरीत माझं वर्कशॉप आहे. ॲल्युमिनिअमचे छोटे पार्ट करतो, दहा नगांची ऑर्डरसुद्धा घेतो. कोणाला प्रोटोटाइप घाईत हवा असेल तर मला सांगा." यात जागा आहे, काम आहे आणि कोणत्या प्रसंगी तुमचं नाव आठवायचं हेही आहे. ऐकणाऱ्याने घरी जाऊन बायकोला तुमचं काम एका वाक्यात सांगितलं, तर ओळख जमली समजा.

नंतर आपण गप्प बसायचं आणि विचारायचं. "काय म्हणतोय धंदा?" या प्रश्नाला पुण्यात एकच उत्तर मिळतं, "चाललंय." त्यापेक्षा नेमकं विचारा: माल कुठून येतो, कोणतं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं वाटतं, माणसं मिळतायत का. शेवटचा प्रश्न कोणत्याही कारखानदाराला बोलतं करतो. भेट संपल्यावर कार्डाच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहा: "हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतात, वेळेची तक्रार."

पायरी ४: दोन दिवसांत एक छोटा निरोप

सगळ्यांना नव्हे. ज्या दोघा-तिघांशी खरोखर बोलणं झालं, त्यांनाच. असा:

"नमस्कार साहेब, काल चेंबरच्या कार्यक्रमात भेटलो. तुम्ही हीट ट्रीटमेंटच्या उशिराबद्दल बोलला होता. माझ्या माहितीत एक जण आहेत, ते वेळ पाळतात. हवं असेल तर त्यांना विचारून नंबर देतो."

ब्रोशर जोडू नका, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकू नका, आणि रोज सकाळी फुलांचे फोटो तर मुळीच नकोत. वयाने मोठ्या माणसाला पहिल्या भेटीनंतर लगेच नावाने हाक मारणं आयटीत चालतं. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला ते खटकतं. तिथे 'शेठ', 'काका' किंवा आडनावापुढे 'साहेब' हे समोरचा आपण होऊन सैल करेपर्यंत चालू ठेवावं.

पायरी ५: त्यांच्या जागेवर जाऊन या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मला तरी ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हॉटेलातल्या कॉफीवर माणूस आपलं काम सांगतो, स्वतःच्या शॉपमध्ये तो ते दाखवतो. त्याच्या मशिनच्या बेडवर किती मोठा जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, बसतो, इन्स्पेक्शनला वेगळी खोली आहे की सगळं टेबलाखाली, कामगार मालकाशी कसे बोलतात, तयार मालावर धूळ किती, हे अर्ध्या तासात कळतं. हे पाहिल्याशिवाय तुम्ही त्याच्यासाठी कोणाकडे शब्द टाकू शकत नाही, आणि तुमचं काम पाहिल्याशिवाय त्यानेही टाकू नये.

वेळ मागताना स्थानिक रीत लक्षात ठेवा. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी तिथे काम चालू असतं. रविवारी सकाळी मालक तुलनेने निवांत सापडतो. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत जाऊ नका. फोटो काढण्याआधी विचारा. शॉपमध्ये दुसऱ्या कंपनीचं ड्रॉइंग लावलेलं असू शकतं.

धंदा कारखान्याचा नसला तरी हेच. सीएच्या ऑफिसात जा (रिटर्नची मुदत टळून गेल्यावर), केटररच्या स्वयंपाकघरात जा, डिझायनरची चालू साइट पाहा. निघताना एकच प्रश्न विचारा: "तुमच्यासाठी योग्य गिऱ्हाईक कसं ओळखायचं?" उत्तर लिहून घ्या. मग त्यांना आपल्याकडे बोलवा.

पायरी ६: दोघांची गाठ घालून द्या, पण आधी दोघांना विचारून

परस्पर कोणाचा नंबर देऊन टाकणं ही आपल्याकडची जुनी खोड. समोरच्याला दिवसभर अनोळखी फोन येत राहतात आणि तो मनातून तुमच्यावर चिडतो. दोघांची संमती घ्या, मग दोघांना एकत्र निरोप पाठवा. कोण कोण आहे, गरज काय आहे आणि पहिला फोन कोणी करायचा, हे तीन वाक्यांत. तुम्ही जे स्वतः पाहिलं आहे तेवढंच सांगा. "यांच्याकडून मी दोनदा काम करून घेतलं, दोन्ही वेळा तारीख पाळली" हे वाक्य "एकदम बेस्ट माणूस" यापेक्षा कितीतरी जड असतं.

पायरी ७: मिळालेला रेफरन्स जपा

कोणी तुमच्यासाठी शब्द टाकला तर ते दुसऱ्याची गाडी उसनी नेण्यासारखं आहे. त्याच दिवशी फोन करा. काम आत्ता जमत नसेल तर तेही त्याच दिवशी सांगा. आणि ज्याने नाव सुचवलं त्याला शेवटपर्यंत कळवत राहा: बोलणं झालं, कोटेशन दिलं, ऑर्डर मिळाली किंवा नाही मिळाली. 'नाही मिळाली' हे सांगायला लोक टाळतात, पण सुचवणाऱ्याला त्यातूनच कळतं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणाकडे पाठवायचं.

कमिशनचा विषय पहिल्याच वेळी स्वच्छ बोला. काही धंद्यांत तो रिवाज आहे, काहींत अपमान. देणार असाल तर किती, केव्हा आणि बिलावर की कसं, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. घेणार नसाल तर तसंही स्पष्ट सांगा, म्हणजे दिवाळीला आलेल्या पाकिटावरून अवघडायला नको.

पैशाचाच दुसरा भाग म्हणजे सप्लायरचं बिल. नेटवर्किंगची भाषणं गिऱ्हाइकांबद्दलच बोलतात, पण बाजारात तुमचं नाव सगळ्यात जास्त घेतात ते तुम्हाला माल देणारे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा. त्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्यक्षात छोटा सप्लायर व्याज मागायला जात नाही. तो फक्त टपरीवर चार लोकांना सांगतो. पैसे अडकले असतील तर त्याच्या आठवणीच्या फोनआधी तुमचा फोन जाऊ द्या, तारीख सांगा आणि ती पाळा.

पायरी ८: संबंध टिकवायला कॅलेंडर वापरा

भारी सॉफ्टवेअर लागत नाही. वही किंवा एक्सेल शीट, आणि त्यात नाव, शेवटची भेट, काय बोलणं झालं, एवढंच. तीस-चाळीस माणसांपलीकडे जाऊ नका. दर आठवड्याला दोघांना फोन.

सणांनी आपलं काम सोपं केलं आहे. खंडेनवमीला मशिनची पूजा असते, कारखान्याचं दार उघडं असतं आणि मालक हाती पेढे घेऊन उभा असतो. त्या दिवशी उभ्याउभ्या दहा मिनिटं जाऊन येणं हे दिवाळीच्या कुरिअरने पाठवलेल्या सुकामेव्याच्या डब्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. संक्रांतीचा तिळगूळ तर अबोला मोडायला चांगलं निमित्त. कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर मात्र मेसेजवर भागवू नका, जाऊन या, आणि तिथे धंद्याचा शब्द काढू नका.

पायरी ९: नाही म्हणायला शिका

ओळखी वाढल्या की ज्यांच्या कामाची खात्री नाही असे लोकही शब्द टाकायला सांगतात. संकोचाने हो म्हटलंत तर दोन्हीकडून जाल. "तुमचं काम मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्री देता येणार नाही. एखादी छोटी ऑर्डर मीच देऊन बघतो, मग बोलू." यात अपमान नाही, वाटही बंद होत नाही. छोटी ऑर्डर देणं शक्य नसेल तर फक्त माहिती द्या: "त्यांना असं काम लागतं एवढं मला माहीत आहे, तुम्ही थेट विचारा, माझं नाव घेऊ नका."

आणि तुम्ही सुचवलेल्या माणसाने काम बिघडवलंच, तर गिऱ्हाइकाचा फोन यायची वाट न बघता स्वतः जा. पर्यायी माणूस शोधून द्या. ज्याने बिघडवलं त्याच्याशी वेगळं, एकट्याने बोला. त्याची बाजू ऐका. अनेकदा ड्रॉइंगच अर्धवट दिलेलं असतं.