तिसऱ्या लॅपनंतर पुढच्या टायरांची पकड जात होती: हवा गरम टायरला मोजा

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई रेस ट्रॅकवर, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, रस्त्यावरचेच टायर. दाराच्या स्टिकरवर कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे थंड टायरला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालं, की तिसऱ्या लॅपला गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. टायर तापला की दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय वाढतात. पुढचे टायर सहज ४० गाठतात, मधला पट्टा फुगतो, पकड जाते.

उपाय: पिटमध्ये (ट्रॅकलगत गाडी थांबवायच्या जागी) येताच, दोन मिनिटांच्या आत मोजायचं. पुढे ३५, मागे ३४ येईपर्यंत हवा सोडायची. दाब मोजायचा गेज नेहमी एकच. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, म्हणून चारही वेगवेगळे मोजा.

आकड्यापेक्षा खडूवर माझा जास्त भरवसा. ट्रॅकवर जाण्याआधी टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे), बाजूच्या छोट्या त्रिकोणापर्यंत खडू ओढा. घासल्याची खूण त्रिकोणाच्या खाली गेली तर हवा कमी, बरीच वर थांबली तर जास्त. एका वेळी १ पीएसआयच बदला.

हवेऐवजी नायट्रोजन भरला तरी दाब वाढतोच. घरी निघताना मात्र गार टायरमध्ये पुन्हा ३३ भरा. कमी हवेवर हायवेचा वेग धोक्याचा.