जुनी दुनळी हातात घेताना: आधी चेंबर मोजा

जुन्या दुनळ्या दुरुस्त करायला शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. ब्रिटिश बनावटीच्या एका बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) बंदुकीत मी ७० मिलिमीटरचं काडतूस घालून पाहिलं. अलगद बसलं, बंदूकही सहज मिटली. "बसतंय की," मी म्हणालो. उस्तादांनी काडतूस काढून घेतलं आणि त्याच जातीचं झाडलेलं टरफल शेजारी ठेवलं. टरफल काडतुसापेक्षा जवळजवळ सेंटीमीटरभर जास्त लांब होतं.

काडतुसावर छापलेली लांबी तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते, हे तेव्हा कळलं. त्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं. पुढे नळी निमुळती होते. पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरच्या काडतुसाची घडी नेमकी त्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणून घालून पाहणं ही परीक्षाच नव्हे. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून चेंबर गेजने मोजायचं.

नळ्यांच्या खालचे प्रूफचे, म्हणजे जादा दाबाचा बार उडवून केलेल्या तपासणीचे शिक्केही वाचायला शिका. लंडन आणि बर्मिंगहॅम इथली प्रूफ हाउसं ते मारतात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात '१२' आणि 'सी' दिसलं, तर चेंबर तीन इंचांपेक्षा कमी, एवढंच समजतं; अडीच की पावणेतीन, ते नाही. 'एलसी' असेल तर चेंबर लांब. 'नायट्रो प्रूफ'चा शिक्का नसलेली बंदूक बिनधुराच्या, म्हणजे काळ्या दारूनंतर आलेल्या जास्त जोरदार दारूसाठी तपासलेली आहे, असं धरू नका.

माझा सगळ्यात जास्त गोंधळ 'ड्रॅम' या वजनाच्या जुन्या मापाने केला. काळ्या दारूच्या दिवसांत ३ ड्रॅम दारू, म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम, आणि ३२ ग्रॅम छर्रे हा बारा बोअरचा नेहमीचा भार. बिनधुराची दारू आल्यावरही खोक्यांवर '३ ड्रॅम इक्विव्हॅलंट' छापत राहिले. त्याचा अर्थ तेवढ्या काळ्या दारूइतका वेग, एवढाच. बिनधुराची दारू तेवढ्या वजनाने भरली तर नळी फुटू शकते. हा आकडा मी वजन समजून वहीत उतरवला होता. उस्तादांनी ते पान फाडायला लावलं, ते बरंच झालं.

आणखी एक. मागच्या एखाद्या मालकाने चेंबर लांब करून घेतलेलं असू शकतं. लांबीचा शिक्का असेल तर तो अडीच सांगतो, गेज पावणेतीन दाखवतो. तिथली भिंत पातळ झालेली असते आणि जुना प्रूफ त्या स्थितीला लागू राहत नाही. अशी बंदूक मी बाजूला ठेवतो. पुन्हा प्रूफ झाल्याशिवाय तिच्यात काडतूस जात नाही. डावी आणि उजवी नळी वेगवेगळी मोजतो, कारण एकच लांबवलेली असू शकते.