युद्धकाळातली जीप खोलताय? आधी बोल्टची डोकी बघा

दुसऱ्या महायुद्धातली जीप रिस्टोर करायला घेतली की सगळ्यांचं लक्ष इंजिन, पत्रा आणि पेंटवर असतं, आणि फिटरने काढलेले जुने नट-बोल्ट मात्र डब्यात जमा होऊन शेवटी भंगारात जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या डब्याला हात लावू देऊ नका, कारण गाडी कुठल्या कारखान्यातून निघाली हे बऱ्याचदा तो डबाच सांगतो.

आधी गाडी ओळखा. एकाच डिझाइनची जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. रेडिएटरच्या खाली वाकून चासीचा पुढचा आडवा मेंबर बघा, गोल पाइप असेल तर चासी विलीजची आणि उलट्या यू आकाराचा दाबलेला पत्रा असेल तर फोर्डची. विलीजच्या चासीचा नंबर पुढच्या बंपरच्या मागे डाव्या रेलच्या (म्हणजे चासीच्या लांब बाजूच्या) आतल्या बाजूला छोट्या पट्टीवर असतो, फोर्डचा डाव्या रेलवर वरूनच ठोकलेला असतो, तिथे वायर ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन बसा पण ग्राइंडर अजिबात नको, अंक एकदा गेले की गेले. आणि आपल्याकडच्या गाड्या इतक्या हातांतून गेल्यात की चासी विलीजची, बॉडी फोर्डची, बॉनेट महिंद्राच्या सीजे-३बी जीपचं आणि खाली डिझेल इंजिन असा संसार निघाला तरी घाबरून जाऊ नका, फक्त कुठला भाग कोणाचा ते वहीत लिहून ठेवा.

आता खरी गंमत. फोर्डने आपल्या भागांवर वळणदार लिपीतला एफ ठोकला होता, ब्रॅकेटवर, सीटच्या फ्रेमवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. चाळीस थर रंगाखाली तो दिसत नाही. पेंट रिमूव्हर लावून जुन्या टूथब्रशने डोकं घासा आणि टॉर्च तिरका धरून उजेड पाडा, म्हणजे सावलीत एफ उठून येतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गॅरेजमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला होता.

खोलताना माझी पद्धत अशी, प्रत्येक जोडाचा आधी मोबाइलवर फोटो, मग बोल्ट, वॉशर, नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवायचे आणि तारेला चिठ्ठी बांधायची, "डावा मडगार्ड, मागून दुसरा" असं. कंटाळवाणं काम आहे पण हीच चिठ्ठी आठ महिन्यांनी उपयोगी पडते. मी पहिल्या गाडीला हे केलं नाही, अख्खी बादली एका प्लेटिंगवाल्याकडे दिली, त्याने ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवली आणि सगळं पिवळं झिंक करून परत दिलं, अर्ध्या डोक्यांवरचा एफ खाऊन गेला होता. त्या दिवशी खरंच जेवण गेलं नाही. तेव्हापासून डोक्यावर खूण असलेले बोल्ट मी ॲसिडला देत नाही, घरीच घासतो आणि तेल लावून ठेवतो.

आटे इंचातले आहेत हे फिटरला पहिल्याच दिवशी सांगा. ५/१६ चा बोल्ट आणि आपला ८ मिमीचा बोल्ट हातात सारखेच वाटतात, पण ५/१६ च्या बारीक आट्याला इंचात २४ आटे आणि ८ मिमीच्या साध्या बोल्टला साधारण २०, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात दोन फेरे बसतो, तिसऱ्याला अडकतो आणि मग कोणीतरी लांब पाना लावून जोर करतो, झालं, आटे गेले. पानेही इंचाचेच घ्या, अर्ध्या इंचावर १३ चा पाना लावला की कोपरे गोल होतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चांगले जुने इंची पाने मिळून जातात.

नायलॉनवाले नट या गाडीवर दिसता कामा नयेत, तिथे स्प्रिंग वॉशर किंवा स्प्लिट पिनवाला कॅसल नट (वर खाचा असलेला) हवा. डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा ग्रेड लिहिलेला नवा बोल्टही डोळ्याला खुपतो. बॉडीवरच्या बोल्टचा आकडा कोणी घासून काढला तर समजू शकतो, पण स्टिअरिंग, ब्रेक आणि स्प्रिंगच्या बोल्टला तसलं काही करू नका, तिथे नवा चांगल्या ग्रेडचाच बोल्ट घाला, दिसला तर दिसू दे. एफ ठोकलेले नवे बोल्ट परदेशात बनवून मिळतात, महाग पडतात, म्हणून बॉनेट उघडल्यावर नजर जाते तेवढ्याच जागी वापरा. आणि बॉडीवरचे बोल्ट चमकवू नका, बॉडीबरोबर त्यांच्यावरही तोच हिरवा रंग मारा, तोही मॅट, मिरवणुकीतल्या गाडीसारखा चकचकीत नको.

फ्लोअरच्या खालच्या चॅनेलमध्ये लाकूड निघालं तर कोणी जुगाड केलाय असं समजून फेकू नका, ते कारखान्यातूनच आलेलं असतं. तेच पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडवतं, म्हणून नवं लाकूड वाळलेलं घ्या, सगळ्या बाजूंनी प्रायमर मारा, चॅनेलच्या आतही मारा, मगच बसवा.

कागदांचंही बघा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. त्यामुळे डिझेल इंजिन काढायचं की ठेवायचं हे रंग मारायच्या आधी ठरवा. आणि आरसीशी जुळावा म्हणून नंबर नव्याने ठोकून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, तो गुन्हा आहे.

शेवटचं चाकाचं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं, तो पाइप लावून उलटीकडे जोर करतो आणि स्टड तुटतो. म्हणून पंक्चर काढताना स्वतः शेजारी उभे राहा, पहिला नट आपल्या हाताने सोडवून दाखवा.