लेकरू उशिरा शिकतंय? आम्ही केलेल्या या चुका तुम्ही टाळा

"होईल गं, याचा बाप तरी कुठे वेळेवर चालला होता!" सासूबाईंच्या या एका वाक्यावर आम्ही आठ महिने काढले. लेक दहा महिन्यांचा झाला तरी बसवला की पोत्यासारखा एका अंगाला कलंडायचा, आणि आम्ही उशा लावून फोटो काढायचो. आता तो सहा वर्षांचा आहे. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात भिंत धरून चालतो, हवं ते बोटाने दाखवतो, फिटची औषधं चालू आहेत. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेली एखादी नवी आई विचारते, "तुम्ही काय काय केलं?" मी तिला आधी आमचं काय चुकलं तेच सांगते.

पहिली चूक, वाट बघणं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरणं, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं. यातलं काही राहिलं तर दाखवा. आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होता आणि थांबला, तर त्याच आठवड्यात दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचं असतं, पण 'अपुऱ्या दिवसांचा आहे ना' म्हणून सगळंच खपवू नका. बोलत नसेल तर आधी कानांची तपासणी, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी 'बेरा' चाचणी. कुकरच्या शिट्टीला वळतो म्हणजे नीट ऐकू येतं, असं नसतं. खर्चाची भीती असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते. ही योजना 2013 पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि पुढे पाठवायचीही सोय तिथूनच होते. 'सरकारी आहे' म्हणून आम्ही नाक मुरडलं होतं.

भरवण्यात आम्ही जे केलं ते आठवलं की अजून पोटात कालवतं. मांडीवर आडवा घ्यायचा, डोकं मागे, तोंडात पातळ वरणाचा चमचा, वरून गाणं. ठसका लागला की "कोणीतरी आठवण काढतंय" म्हणून टाळूवर हात. एका हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला आणि आम्ही दोन्ही वेळा नाशिकच्या थंडीला दोष दिला. थेरपिस्ट ताईंनी एकदा घरचा डबा आणायला सांगितला आणि आम्ही कसे भरवतो ते नुसतं बघत बसल्या. मग त्याला खुर्चीत ताठ बसवलं, कमरेत काटकोन, लोंबकळणाऱ्या पायांखाली आमच्या देव्हाऱ्यापुढच्या पाटाएवढा पाट. चमचा वरून नाही, समोरून आणि थोडा खालून, म्हणजे हनुवटी आपोआप खाली येते. वरण चमच्यावरून सावकाश घसरेल इतकं दाट. एक घास गिळला, तोंड रिकामं झालं, मगच दुसरा. अर्धी वाटी भातालाही चाळीस मिनिटं लागली, पण ठसका लागला नाही.

मूल जेवताना खोकत असेल, जेवणानंतर आवाज घोगरा, ओला येत असेल, छाती वारंवार भरत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय का ते तपासून घ्या. किती दाट द्यायचं हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, आमचं माप उचलू नका. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. आणि सुदृढ दिसावं म्हणून कोंबू नका. लग्नकार्यात "किती वाळलाय" म्हणणाऱ्या आत्याबाई रात्री नेब्युलायझर धरायला येत नाहीत.

औषधाचं माप स्वयंपाकघरातल्या चमच्याने घेऊ नका, सुई नसलेल्या सिरिंजने घ्या. मेडिकलवाल्याने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दिलेल्या बाटलीवर किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. आमच्याकडे एकदा त्यात फरक निघाला होता, तोही तिसऱ्या दिवशी लक्षात आला. फिटचं औषध मनाने बंद करू नका, दिवाळीत दुकान बंद असेल तर आधीच बाटली आणून ठेवा. नातेवाईक म्हणतील, त्र्यंबकला जाऊन शांती करून या. जरूर जा, मीही गेले. पण सिरप पिशवीत ठेवून.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, तोंडात पाणी नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे आणि 108. तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर एकापाठोपाठ एक दचके देत मान-हात झुकवत असेल तर तो पोटातला मुरडा समजू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा.

थेरपीचं म्हणाल तर आम्ही ती ट्यूशनसारखी धरली. नाशकातल्याच द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून जायचं, पंचेचाळीस मिनिटं बाहेर मोबाइल बघायचा, परत यायचं. वेळही त्याच्या झोपेची घेतलेली, म्हणजे तो तिथे फक्त रडायचा. सकाळची वेळ घेतली, मी आत बसू लागले, तेव्हा फरक पडला. घरी वेगळा तास लागत नाही. लंगोट बदलताना कुशीवर वळवणं, पोळ्या लाटताना हातात कणकेचा गोळा, सोफ्याला धरून उभं राहून खेळणं. मामाने हौसेने आणलेला चाकांचा वॉकर परत पाठवा. तो चालायला शिकवत नाही, पडण्याचा धोका मात्र आहे. पायातला स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ ठेवणारा आधार, काढल्यावर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर तो छोटा झालाय किंवा कुठेतरी घासतोय. मूल आळशी म्हणून काढत नाही, टोचतं म्हणून काढतं.

कागदपत्रं. दिव्यांग प्रमाणपत्र घेतलं की शिक्का बसेल, या भीतीने आम्ही दोन वर्षं घालवली. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे सगळ्याच वाढीत उशीर, म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळू शकतो, त्यात थेरपीही धरतात. नूतनीकरण मात्र दरवर्षी करावं लागतं. शाळेच्या बाबतीत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून प्रमाणपत्र हवं. विशेष शाळा म्हटलं की आम्ही घाबरायचो. रजनीताई लिमयांची प्रबोधिनी आपल्या नाशकातच 1977 पासून चालते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांच्या बोर्डाच्या तपासणीला जाताना सगळ्या रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स, चार फोटो आणि मुलाचा डबा न्या. आणि पायाखाली ठेवायला एखादं स्टूलही असू द्या, तिथल्या खुर्च्या उंच असतात.